जावेची डावी भुवई

देवळाली कॅम्पात माझं पार्लर होतं. एका खोलीचं, बाजाराच्या मागच्या गल्लीत, वर जाणाऱ्या अरुंद जिन्याचं. सतरा वर्षं मी ते चालवलं. लष्करातल्या लोकांच्या बायका, शाळेतल्या शिक्षिका, भगूर आणि विहितगावच्या नवऱ्या मुली, सगळ्या माझ्याकडे यायच्या आणि मुख्यतः आयब्रोसाठी यायच्या. दोऱ्याचं एक टोक दातात धरून मी भुवईच्या कडेने असा हात चालवायचे की बाई डोळे उघडेपर्यंत काम झालेलं असायचं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते समजायला हे माहीत असावं लागतं.

माझी जीभ मात्र वाईट होती. समोर बसलेल्या बाईचा चेहरा निरखून मी आधी त्यातली खोट सांगायचे. "हनुवटी लोंबायला लागली बरं का." "एक गाल दुसऱ्यापेक्षा काळा आहे, कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?" बाई कसनुशी व्हायची आणि नुसत्या भुवया करायला आलेली फेशियल करून जायची. धंद्याचं तंत्र म्हणून मी ते वापरायचे, पण खरं सांगायचं तर मला त्यात मजाही यायची.

हे तंत्र मी माझ्या जावेला शिकवलं. माझ्या धाकट्या दिरानं हरसूलकडची मुलगी केली. आमचं घर एकच, आम्ही खाली, ते वरच्या मजल्यावर. ती आली तेव्हा "लय", "नाय", "हाय" असं बोलायची. मी तिला पार्लरमध्ये हाताखाली घेतली आणि पहिल्याच दिवशी चार बायकांसमोर सांगितलं, "तू तोंड उघडू नकोस. तुझं हाय-नाय ऐकून बायकांना वाटेल, बाजारात भाजी घ्यायला आलो." बायका हसल्या. तीही हसली. वर्षभर ती खरंच बोलली नाही. दोरा शिकताना तिनं स्वतःच्या नडग्यांवरचे केस काढून काढून पाय सोलवटून घेतले. मी ते पाय बघायचे आणि म्हणायचे, "अजून. हात अजून जड आहे."

अपघात झाला तो कार्तिकातल्या एका सकाळी. नाशिकरोडला एका नवरीचा मेकअप होता. मी स्वतःचेही केस बांधून घेतले होते. ते विस्कटतील म्हणून हेल्मेट डिकीत ठेवलं आणि स्कूटर काढली. लॅम रोडला वळणावर खडी पसरलेली होती. चाक सरकलं एवढं आठवतं. त्यानंतर एकदम हॉस्पिटलचं छत आठवतं.

डोक्याला आतून काही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी दोन दिवसांनी घरी सोडलं. घरी आल्यावर नवऱ्यानं ताट वाढून समोर ठेवलं. मी खाली बघितलं तर ताटात दोन भाकऱ्या, एकीच्या खाली दुसरी, आणि खालची जराशी कलंडलेली. मी म्हटलं, "अहो, एवढं नको, एकच वाढा." ते म्हणाले, "एकच आहे."

मान डाव्या खांद्याकडे झुकवली की दोन्ही भाकऱ्या एकमेकींच्या जवळ यायच्या. सरळ केली की लांब जायच्या. समोर लांबवर बघताना त्रास कमी, खाली आणि जवळ बघताना सगळ्यात जास्त. जिना उतरताना प्रत्येक पायरीला दोन कडा. कुठल्या कडेवर पाय ठेवायचा ते चाचपडून ठरवायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजवा डोळा खाली फिरवणाऱ्या स्नायूची नस डोक्याला मार लागल्यानं दुखावली आहे, त्यामुळे तो डोळा वर राहतो. कधी कधी आपोआप सुधारतं, सहा महिने ते वर्षभर वाट बघू. तोवर एक डोळा झाकायचा.

मी विचारलं, "मी भुवया करते. दोऱ्यानं. कधी सुरू करू?"

डॉक्टर म्हणाले, "सध्या नको."

मी पंधरा दिवसांत सुरू केलं. कुणाला सांगितलं नाही. जावेलाही नाही. एक डोळा झाकून गेले तर बायका दारातूनच परत जातील हे मला माहीत होतं. पार्लरवालीच्या स्वतःच्या चेहऱ्यात खोट दिसता कामा नये, हा धंद्याचा नियम मीच सतरा वर्षं पाळला होता. मग मी काम करताना उजवा डोळा नुसता मिटून घ्यायचे. पण एका डोळ्यानं अंतर कळत नाही. दोरा कातडीला लागला की अजून वर आहे ते समजेना. बायका "आई गं" करायला लागल्या. एकीच्या पापणीला चिमटा बसून रक्ताचा ठिपका आला. मी तिलाच म्हटलं, "हलू नका हो."

पुढच्याच आठवड्यात भगूरकडची एक मुलगी आली. तिच्या घरची गुलाबाची शेती, दोन दिवसांनी साखरपुडा. सोबत आई. त्या दिवशी मिटून मिटून माझा डोळा पार दमला होता. तो कधी उघडला ते मला कळलं नाही. समोर दोन भुवया आल्या. मी त्यातली चुकीची खरी धरली आणि तिच्या कडेने दोरा फिरवला. ती कड खऱ्या भुवईच्या मधोमध होती. पाच-सहा झटके बसले तेव्हा मुलगी ओरडली.

अर्धी भुवई गेली होती.

मुलीनं आरसा बघितला आणि हातानं भुवई झाकून घेतली. तिची आई उठून माझ्यासमोर आली. माझं तोंड दोन्ही हातांनी धरून तिनं उजेडाकडे वळवलं, जसं मी बायकांचं वळवायचे तसं, आणि बघून म्हणाली, "हिचा डोळा बघा. एक वर, एक खाली. तुझे डोळे फुटलेत आणि तू माझ्या पोरीच्या तोंडाला हात लावतेस?"

खोलीत आणखी तीन बायका होत्या. त्या सगळ्या माझ्या डोळ्याकडे बघत होत्या. माझ्या जावेनं पुढे होऊन मुलीला खुर्चीत बसवलं, पेन्सिलीनं एकेक केस रेखावा तशा बारीक रेघा ओढल्या, भुवई पुरी केली आणि साखरपुड्याच्या दिवशी स्वतः घरी येऊन करून देईन असं कबूल केलं. तिचा आवाज शांत होता. भाषा माझ्यासारखी झाली होती. मी कोपऱ्यात उभी होते आणि सगळं मला दोनदा दिसत होतं.

त्या दिवसापासून पार्लर तिचं झालं. कुणी तसं बोललं नाही, पण झालं.

एक आठवडा घरी बसून मी पुन्हा गेले. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती, आता लपवायचं काही उरलं नव्हतं. एका सुभेदाराची बायको खुर्चीत बसली होती. दहा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. मी दोरा हातात घेतला तशी ती सरळ उठून बसली. "नहीं दीदी, आप रहने दो. मैं छोटीवाली से करवा लूँगी." मग जराशानं, मला बरं वाटावं म्हणून, "आप आराम करो ना."

जाऊ मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुम्ही बाहेर बसून फोन घ्या. किंवा घरीच थांबा. बायकांना बघवत नाही." ती हे कुजबुजून बोलली नाही.

वर्ष गेलं. नस सुधारली नाही. दुसरं दिसणं थोडं जवळ आलं आणि तिथंच थांबलं. मग डॉक्टरांनी मला त्यांच्याच दवाखान्यातल्या एका तपासनीस मुलीकडे पाठवलं. ती डोळ्यांच्या स्नायूंचं मोजमाप घ्यायची. पंचवीस-सव्वीसची असेल, दोन वेण्या घातल्या असत्या तर शाळकरीच वाटली असती. तिच्याजवळ काचेच्या तुकड्यांची एक लांब पट्टी होती, एकापुढे एक जाड होत जाणारे तुकडे. ती पट्टी तिनं माझ्या उजव्या डोळ्यापुढे धरून हळूहळू सरकवली. समोर एक दिवा होता, म्हणजे दोन होते.

"आता?"

"दोन."

"आता?"

"दोन. पण जवळ."

"आता?"

समोर एकच दिवा होता. मान सरळ होती, दोन्ही डोळे उघडे होते आणि दिवा एकच होता. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. ती मुलगी म्हणाली, "काकू, रडलात तर मला मोजता येणार नाही."

त्या काचेला प्रिझम म्हणतात. डोळा सरळ होत नाही, प्रिझम फक्त प्रकाश वळवून त्या वर गेलेल्या डोळ्यापर्यंत बरोबर पोचवतं. आधी तिनं चष्म्याच्या उजव्या काचेवर एक पातळ पारदर्शक पट्टी चिकटवून दिली. तिच्यावर बारीक आडव्या रेघा होत्या. तीन महिने ते वापरून बघितलं, मग नंबर कायम झाल्यावर काचेतच प्रिझम घासून बसवलं. काच खालच्या कडेला जाड. लांबचा चष्मा वेगळा, जवळचा वेगळा, कारण जवळ बघताना लागणारं प्रिझम निराळं. ती मुलगी म्हणाली, "एक लक्षात ठेवा. चष्मा समोर बघायला आहे. डोळे खाली न्याल तर परत दोन दिसेल. डोळे नाही, मान खाली न्यायची."

मी घरी येताना रिक्षात तेच करून बघत होते. डोळे खाली, दोन पाय. मान खाली, एक पाय.

मग मला सुचलं. मला खाली बघायचंच नसेल तर बाईला वर घ्यायची. खुर्ची उंच, बाई मागे रेललेली, मी पुढच्या बाजूला बुटक्या स्टुलावर, आणि तिची भुवई बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत. नवरा अंबडला फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आहे. बोलायला कमी. मी कागदावर काढून दाखवलं. त्यांनी तीन रविवार घालवून लोखंडाची खुर्ची जोडली, डोकं टेकायला गादी लावली, पायरी लावली. पहिल्यांदा तेच बसले. मी त्यांच्या कपाळावरचे, कानांवरचे केस काढत बसले. दोरा अडकला, चिमटे बसले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते म्हणायचे, "चालू दे." दोन महिने ते रोज संध्याकाळी कारखान्यातून येऊन, हातपाय धुऊन त्या खुर्चीत बसले. गल्लीत सगळ्यांत गुळगुळीत कपाळ त्यांचं झालं होतं. कारखान्यात लोक त्यांना चिडवायचे, ते मला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं.

हात परत आला. अगदी पहिल्यासारखा. मी पार्लरमध्ये गेले आणि जावेला सांगितलं, "मला परत सुरू करायचंय. खुर्ची इथं आणते."

ती एकीच्या केसांना रंग लावत होती. ब्रश न थांबवता आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, चष्मा लावल्यावर तुमचा डोळा जास्तच वर दिसतो हो. जाड काचेमुळं. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

ते वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द, सूरसुद्धा. तिनं ते मुद्दाम वापरलं की सवयीनं आलं हे मला आजही ठरवता येत नाही.

मग मी घरीच, पुढच्या व्हरांड्यात खुर्ची मांडली. आसपासच्या म्हाताऱ्या बायका यायला लागल्या. हनुवटीवरचे केस, ओठांवरची लव. त्यांना माझ्या डोळ्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेकी-सुना मग भुवयांसाठी यायला लागल्या. आठवड्याला पाच-सहा जणी. मी कुणाच्याही चेहऱ्यातली खोट सांगत नव्हते. मला वाटायचं मी सुधारले.

पुढच्या वैशाखात जावेच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, हरसूलला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती खाली आली, खुर्चीच्या पायरीवर पाय ठेवला आणि म्हणाली, "ताई, माझे आयब्रो तुम्हीच करा. माझ्याकडच्या मुलींना तुमच्यासारखा शेप येत नाही."

मला आनंद झाला. तो लपवायला मी पावडरचा डबा शोधायचं नाटक केलं. ती रेलून बसली, डोळे मिटले, दोन बोटांनी स्वतःच कातडी ताणून धरली. मी जवळचा चष्मा चढवला. उजवी भुवई केली. सुरेख झाली.

डावीला सुरुवात केली तेव्हा ती बोलायला लागली. डोळे मिटलेलेच. पार्लरला नवीन फरशी बसवणार होती, नवी पाटी लावणार होती. "आणि ताई, सगळ्यांना मी सांगते बरं का. म्हणते, माझी जाऊ आता आंधळी झाली, पण काय कला होती तिच्या हातात! सगळं तिनंच शिकवलं मला."

ती कौतुकानं बोलत होती. मला ते समजत होतं.

चष्म्यातून मला तिची भुवई दिसत होती. एकच. तिचा एकेक केस, त्याचं मूळ, कातडीवरची बारीक पावडर, सगळं दिसत होतं. मी दोरा उचलला, कमानीच्या टोकापासून बाहेरपर्यंत जिथं भुवई सगळ्यात छान उतरते तिथं ठेवला, आणि ओढला. एकदा. मग पुन्हा. मग राहिलेलं साफ करायला तिसऱ्यांदा.

तिला कळलं होतं. दोऱ्याचं काम करणाऱ्या बाईला ते कातडीवर कळतं. तरी तिनं डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "ताई, झालं का?"

मी आरसा दिला.

ती बराच वेळ बघत राहिली. मी वाट बघत होते. ती ओरडली असती, मला ढकललं असतं, त्या भगूरच्या बाईसारखं माझं तोंड धरलं असतं, तर मला हवंच होतं. मी तयार होते. तिनं आरसा मांडीवर उपडा ठेवला आणि माझा हात धरला.

"नाय ताई. तुमचा काय दोष हाय त्यात. मीच येडी. तुमाला लय ताण पडला असंल. मी बोलत बसले." तिनं माझ्या बोटांतला दोरा सोडवून घेतला. "रडू नका. तुमी रडू नका."

तोवर मी रडत नव्हते. तिनं म्हटल्यावर रडले. ते रडणं खोटं नव्हतं, पण ती समजली त्या कारणाचंही नव्हतं.

ती तशीच लग्नाला गेली. वैशाखाचं ऊन, मांडव, नाचणं. पेन्सिल घामानं वाहिली. फोटो आले ते मी तिच्याच फोनवर बघितले. नवरीच्या शेजारी ती उभी, चेहरा मेकअपनं सजलेला आणि एक भुवई अर्धी पुसलेली. तिच्या माहेरच्या बायका म्हणे दोन दिवस तोंड लपवून हसत होत्या. पार्लरवालीची भुवई! तिनं हे मला हसत हसत सांगितलं. "म्हटलं, घाईत झालं. तुमचं नाव नाही घेतलं."

नाव घ्यायची गरजच नव्हती. आमच्या गल्लीत माझ्याकडून भुवया करून घेणाऱ्या बायकांनी तिचं कपाळ बघितलं आणि काय ते समजल्या. पंधरा दिवसांत माझ्याकडे येणं थांबलं. म्हाताऱ्यासुद्धा येईनात. मी तिचं जे बिघडवलं ते दोन महिन्यांत उगवून आलं. माझं परत आलं नाही.

नवरा म्हणाले, "नंबर बदलला असेल. दाखवून येऊ." मी नको म्हटलं. ते ऐकेनात. रजा काढून मला घेऊन गेले. त्या तपासनीस मुलीनं पट्टी धरली, दिवा लावला, जवळचं अक्षर वाचायला लावलं, मान सरळ, मान तिरकी, सगळं केलं. नवरा शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"काही बदल नाही," ती म्हणाली. "उलट छान जुळलंय."

"पण कामात चूक झाली तिच्याकडून," ते म्हणाले. "भुवईचं काम. खुर्ची उंच केलेली आहे, समोरच बघते ती."

"समोर बघत असतील तर या चष्म्यातून एकच दिसतं, काका. अगदी स्पष्ट. चष्मा घातला नव्हता का?"

"घातला होता," ते म्हणाले. त्या दुपारी ते सुट्टी घेऊन घरातच होते, त्यांनी बघितलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मुलगीही पाहायला लागली. मी समोरच्या अक्षरांकडे बघत होते. ती एकेकच होती.

बाहेर आल्यावर त्यांनी टपरीवर दोन चहा सांगितले. उभ्याउभ्या प्यायला लागलो.

"तुला दिसत होतं," ते म्हणाले.

"हो."

"किती दिसत होतं?"

"सगळं."

त्यांनी चहा संपवला. ग्लास ठेवला. म्हणाले, "तिला मी सांगणार नाही. ते तुझं तू बघ." मग स्कूटरची किल्ली काढली. "रिक्षा करून ये."

ते गेले. मी त्या टपरीपाशी बराच वेळ उभी होते. टपरीवाल्यानं विचारलं, "मावशी, कुठं जायचंय, रिक्षा थांबवू का?" त्याला वाटलं मला दिसत नाही.

मी जावेला सांगितलं नाही. तीन वर्षं झाली. दर महिन्याला वाटतं सांगावं आणि दर महिन्याला ती असं काही बोलते की राहून जातं. कधी चांगलं बोलते, कधी वाईट. दोन्हींनी राहून जातं. नवरा घरात पहिल्यासारखेच वागतात, फक्त माझ्या डोळ्यांबद्दल विचारत नाहीत. दवाखान्यात येणं त्यांनी बंद केलं.

आता दर सहा महिन्यांनी मला जाऊ घेऊन जाते. पार्लर तासाभरासाठी मुलींवर सोपवते आणि स्कूटरवर मागे बसवून नेते. हेल्मेट स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर घालते, पट्टा लावते, चष्म्याची दांडी आत नीट बसली का बघते. दवाखान्यात ती बाहेर बाकावर बसते. मागच्या वेळी म्हणाली, "ताई, मी आत येते. काय सांगतात ते मलाही कळलं पाहिजे ना."

मी म्हटलं, "नको. आत एकालाच सोडतात."

आत गेले आणि मागे वळून दार नीट लागलं ना ते हातानं ढकलून बघितलं.